संत जॉन बॉस्को : प्रीतीनें मुलें जिंकणारा साधु



आपल्या धर्मग्रामाच्या जुबिलीची ही स्मरणिका हातीं घेतांना आपण सर्व जुन्या पिढीचें स्मरण करीत आहों. ज्यांनीं हें देऊळ उभारलें, ज्यांनीं येथें प्रथम गुडघे टेकून जपमाळ म्हटली, त्यांचें ऋण आपणांवर आहे. तें फेडण्याचा मार्ग एकच : जें आपणांस मिळालें तें मुलांच्या हातीं सुखरूप देणें. देवळाची भिंत ढासळली तर ती पुनः बांधतां येते. परंतु मुलाचें मन एकदां कठोर झालें म्हणजे तें पुनः मऊ करणें फार अवघड असतें. म्हणून या मंगल प्रसंगीं आम्हीं अशा एका साधूचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे, कीं ज्यानें आपलें सारें आयुष्य मुलांना सदय व सज्जन करण्यांत वेंचलें, आणि तेंहि त्यांच्यावर दया करूनच. हा साधु म्हणजे संत जॉन बॉस्को. इटलींत धर्मगुरूंस आदरानें डॉन म्हणतात, म्हणून सारें जग त्यांस डॉन बॉस्को या नांवानें ओळखतें.

उत्तर इटलींत पीडमाँट नांवाचा प्रांत आहे. तेथील तुरीन शहरापासून कांहीं कोसांवर कास्तेलनुओव्हो हें गांव, आणि त्या गांवच्या हद्दींत बेक्की ही थोड्याशा घरांची वाडी. या वाडींत १६ ऑगस्ट १८१५ रोजीं जॉनचा जन्म झाला. बाप फ्रान्सिस साधा शेतकरी होता. जॉनला दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तोंच, १८१७ च्या मे महिन्यांत, बाप फुप्फुसाच्या विकारानें वारला. मागें राहिलीं म्हातारी सासू, पहिल्या बायकोचा मुलगा अँटनी, जोसेफ व जॉन हीं दोन लहान मुलें, आणि या सर्वांचा भार शिरावर घेतलेली एकोणतीस वर्षांची विधवा मार्गारिता. त्याच सुमारास त्या मुलखांत दुष्काळ पडला. पैसे मोजूनहि धान्य मिळेना. तेव्हां मार्गारितेनें देवाची प्रार्थना केली, आणि गोठ्यांतलें वासरूं मारवून घरच्यांची भूक भागविली. पुढें तिला लग्नासाठीं चांगलें स्थळ चालून आलें. मुलांकरितां एखादा पालक नेमावा असें तिला सुचविण्यांत आलें. परंतु पालक मुलांचा मित्र होऊं शकेल, आई होऊं शकणार नाहीं, हें जाणून तिनें तें स्थळ नाकारलें.

मार्गारितेला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तिच्यापाशीं पुस्तक नव्हतें, पाटी नव्हती; तरी तिचें घर हीच जॉनची पहिली शाळा झाली. मुलांना प्रार्थना करावयास सांगून ती आपण कामास लागत नसे. त्यांच्याबरोबर गुडघे टेकून ती म्हणे. रात्रीं आकाशांतल्या चांदण्या दाखवून त्या निर्माण करणाऱ्या देवाची ती ओळख करून देई. कोणी वाटसरू वा भिकारी दाराशीं आला तर त्याला घरांतलें ऊन ऊन सूप मिळे, आणि हें सर्व मुलें रोज डोळ्यांनीं पाहत. पाहिलेलें मनांत किती खोल जातें तें पुढील गोष्टीवरून दिसून येईल. गुरें चारावयास जातांना आई जॉनला पांढऱ्या पावाचा तुकडा देई. शेजारचा एक गरीब गुराखी पोरगा काळा, कडक पाव घेऊन येई. जॉन आपला पाव त्याला देऊन त्याचा काळा पाव आपण खाई, आणि आपल्याला तोच अधिक आवडतो असें सांगे. ही दया त्याला कोणीं धड्यांत शिकविली नव्हती. ती त्यानें आईच्या चुलीपाशीं पाहिली होती.

त्या घराच्या एका कोपऱ्यांत छडी उभी असे. ती मुलांना दिसे. परंतु आईनें ती कधीं चालविल्याचें चरित्रकार सांगत नाहींत. जॉन आठ वर्षांचा असतांना एके दिवशीं आई बाजाराला गेली होती. उंचावरची कांहीं वस्तु काढावयास तो खुर्चीवर चढला, आणि तेलाचें भांडें खालीं पडून फुटलें. गरिबाच्या घरीं तेल म्हणजे थोडी वस्तु नव्हे. जॉननें सांडलेलें तेल पुसून काढण्याची पराकाष्ठा केली. पण डाग जाईना. मग त्यानें कुंपणांतली एक काठी तोडली, चाकूनें तिच्यावर सुरेख नक्षी कोरली, आणि वाटेवर आईला सामोरा जाऊन घडलें तें सांगून ती काठी तिच्या हातीं दिली. आईला हंसूं आलें. शिक्षा झाली नाहीं; परंतु पुढें काम करतांना आधीं विचार करावा, एवढी समज तिनें त्याला दिली. वाचकहो, या गोष्टींत तेलापेक्षां मोलाची एक वस्तु आहे. चूक झाल्यावर मूल आईपासून दूर पळालें नाहीं, तें आईकडे चालत आलें. ज्या घरांत माराची दहशत असते तेथें मूल प्रथम खोटें बोलावयास शिकतें.

तथापि जॉन जन्मतःच गरीब गाय होता असें कोणीं समजूं नये. तो अंगानें बळकट, स्वभावानें तापट आणि मुठीचा तयार होता. तो नऊ वर्षांचा असतांना त्याला एक स्वप्न पडलें, आणि तें त्याच्या सगळ्या आयुष्याचें बीज ठरलें. घराजवळच्या एका विस्तीर्ण अंगणांत पुष्कळ मुलें खेळत होतीं. कांहीं हंसत होतीं, कांहीं शिव्याशाप देत होतीं. ते अभद्र शब्द ऐकून जॉन त्यांच्यांत उडी घेऊन ठोसे मारूं लागला. इतक्यांत शुभ्र वस्त्र परिधान केलेला एक तेजस्वी पुरुष प्रगट झाला. त्यानें जॉनला नांवानें हांक मारली, आणि हीं मुलें माराने नव्हे, तर सौम्यतेनें व प्रीतीनें मित्र करून घेतलीं पाहिजेत, असें सांगितलें. मग एक तेजस्वी स्त्री दिसली. मुलांच्या जागीं बकरे, कुत्रे, मांजरें, अस्वलें दिसूं लागलीं, आणि पाहतां पाहतां त्या सर्वांचीं कोंकरें झालीं. जॉन जागा झाला तेव्हां दिलेल्या ठोशांनीं आपलेच हात दुखत आहेत असें त्याला वाटलें. सकाळीं त्यानें हें स्वप्न घरीं सांगितलें. तूं मेंढपाळ होशील, असें जोसेफ म्हणाला. लुटारूंचा नायक होशील, असें अँटनीनें हिणविलें. स्वप्नांवर विश्वास ठेवूं नये, असा आजीनें निकाल दिला. आई मात्र म्हणाली, कीं कोण जाणे, कदाचित् तूं धर्मगुरु होशील.

स्वप्न एका रात्रीचें. पण तें अंगीं बाणावयास कैक वर्षें लागलीं. सावत्र भाऊ अँटनी याला जॉनचें शिकणें खपत नसे. घरांत तंटे होऊं लागले, तेव्हां १८२८ सालीं आईनें काळजावर दगड ठेवून बारा वर्षांच्या जॉनला परक्याच्या शेतावर चाकरीस धाडलें. पुढें एका वृद्ध धर्मगुरूंनीं त्यास लॅटिनचे पहिले धडे दिले. पण तेहि १८३० सालीं वारले. मग किएरी गांवीं शिंप्याकडे, कॉफीच्या दुकानांत, मिळेल तेथें काम करून त्यानें शाळा पुरी केली. सुट्टीच्या दिवशीं तो दोरीवर चालून, जादूचे खेळ करून मुलांना जमवी. या तमाशाची फी पैशांत नव्हती. आधीं जपमाळ म्हणावयाची आणि सकाळचें प्रवचन जॉनच्या तोंडून ऐकावयाचें, हीच ती फी.

किएरी येथें लुई कोमोल्लो नांवाचा एक अत्यंत सौम्य विद्यार्थी त्याचा जिवलग मित्र झाला. एकदां वर्गांतील दांडग्या मुलांनीं कोमोल्लोला मारावयास सुरुवात केली. जॉनला संताप आवरेना. हातीं काठी नव्हती, म्हणून त्यानें त्यांच्यांतल्याच एका पोराला खांद्याला धरून उचललें आणि त्यालाच काठीप्रमाणें फिरवून बाकीच्यांना झोडपून काढलें. सर्वांना वाटलें, काय हा पराक्रम! ज्याच्यासाठीं हें सर्व केलें तो कोमोल्लो मात्र दुःखी झाला. देवानें तुला बळ दिलें तें सोबत्यांचा फडशा पाडण्यास दिलें नाहीं, त्यांना क्षमा करावी हीच त्याची इच्छा आहे, अशा अर्थाचे शब्द त्यानें जॉनला ऐकविले. ही गोष्ट डॉन बॉस्कोंनीं पुढें आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे. दुर्बळाची कींव येणें ही अर्धीच दया. ज्यानें अपराध केला त्याचीहि कींव येणें ही पुरी दया होय. ही दुसरी अर्धी दया त्यांना एका मित्रानें शिकविली. तो मित्र १८३९ सालीं तरुणपणींच देवाघरीं गेला.

५ जून १८४१ रोजीं तुरीन येथें त्यांची गुरुदीक्षा झाली. संत फ्रान्सिस द सेल्स यांची प्रीति व सौम्यता आपल्या प्रत्येक कामांत असावी, असा निश्चय त्यांनीं त्या वेळीं केला. त्या काळीं तुरीन शहर झपाट्यानें वाढत होतें. खेड्यापाड्यांतून पोरें गवंडीकामास, विटा-चुना वाहण्यास येत. त्यांना ना घर, ना शाळा, ना कोणी मायेचें माणूस. संत जोसेफ काफास्सो हे डॉन बॉस्कोंचे गुरु. त्यांच्याबरोबर ते तुरुंगांत जाऊं लागले, आणि तेथें बारा ते अठरा वर्षांचीं धडधाकट, हुशार मुलें किड्यांनीं गांजलेलीं, उपाशी, रिकामीं बसलेलीं पाहून त्यांच्या अंगावर कांटा आला. त्यांतलीं कित्येक सुटून जात आणि थोड्याच दिवसांनीं पुनः तेथेंच येत. याचें कारण त्यांना उमगलें : बाहेर त्यांची वाट पाहणारें कोणी नव्हतें.

त्याच सालीं ८ डिसेंबर रोजीं, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणीं, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या देवळांत ते मिस्सेची तयारी करीत होते. थंडीनें गारठलेला सोळा वर्षांचा एक पोरगा आंतल्या खोलींत शिरला. देवळाच्या सेवकानें त्याला मिस्सेस सेवा करण्यास सांगितलें. तें त्याला येत नव्हतें. तेव्हां सेवकानें झटकणीची काठी घेऊन त्याला मारीत बाहेर हांकलून दिलें. डॉन बॉस्कोंनीं सेवकास थांबविलें, तो पोरगा आपला मित्र आहे असें सांगितलें, आणि त्याला परत बोलावून आणविलें. मिस्सा झाल्यावर त्यांनीं त्याची प्रेमानें विचारपूस केली. नांव बार्थोलोम्यू गारेल्ली, गवंडीकाम करणारा, आई नाहीं, बाप नाहीं, लिहिणें-वाचणें ठाऊक नाहीं, लहान मुलांबरोबर धर्मशिक्षणास बसावयाची लाज वाटते. तुला शीळ वाजवितां येते काय, असें विचारतांच त्याच्या मुखावर हंसूं उमटलें. मग दोघांनीं नमो मरिया ही प्रार्थना म्हटली, आणि धर्मशिक्षणाचा पहिला पाठ झाला. पुढच्या रविवारीं गारेल्ली आपल्याबरोबर सोबती घेऊन आला. आज जगभर पसरलेल्या एका महान् कार्याचा प्रारंभ हा असा, एका मार खाल्लेल्या अनाथ पोरापासून झाला.

मुलें वाढलीं तशी जागा पुरेना. गोंगाट होतो म्हणून लोक त्यांना एका जागेहून दुसऱ्या जागीं हांकलीत. कांहींजणांस तर डॉन बॉस्कोंच्या डोक्यावरच परिणाम झाला आहे असें वाटूं लागलें. शेवटीं १८४६ च्या ईस्टर सणीं, १२ एप्रिल रोजीं, वाल्दोक्को या वस्तींत एक बुटकी पडवी त्यांस भाड्यानें मिळाली. त्याच उन्हाळ्यांत अति श्रमानें ते मरणोन्मुख झाले. तेव्हां त्या गवंड्याच्या पोरांनीं उपासतापास करून, पाळीपाळीनें देवळांत बसून देवापाशीं त्यांचें आयुष्य मागून घेतलें. बरे झाल्यावर ते आईला भेटावयास गेले आणि वाल्दोक्कोस येऊन आपल्या मुलांची आई होशील काय, असें त्यांनीं तिला विचारलें. मार्गारिता अठ्ठावन्न वर्षांची झाली होती. घरीं नातवंडें होतीं, विसाव्याचे दिवस होते. तरी ३ नोव्हेंबर १८४६ रोजीं ती लेकाबरोबर पायीं चालत तुरीनला आली. आपल्या लग्नांतला पोशाख व दागिने तिनें मोडले. त्यांतून भाकरी आली, आणि वेदीचीं वस्त्रें झालीं.

आरंभीं ज्या कांहीं पोरांना त्यांनीं रात्रीपुरता आसरा दिला, तीं पांघरुणें घेऊन पळून गेलीं. तरी दार बंद झालें नाहीं. १८४७ च्या मे महिन्यांत पावसानें भिजलेला एक अनाथ मुलगा दाराशीं आला. मायलेकांनीं त्याला जेवूं घातलें, स्वयंपाकघरांत विटांवर फळ्या टाकून त्याला बिछाना करून दिला, आणि निजण्यापूर्वीं आईनें त्याला मायेचे चार शब्द सांगितले. निजण्याआधीं मुलांशीं दोन गोड शब्द बोलण्याची जी रीत डॉन बॉस्कोंच्या सर्व घरांत चालत आली आहे, तिचा उगम या रात्रीपर्यंत नेऊन पोंचवितात. पण मार्गारिता हीहि माणूसच. एकदां मुलांनीं लढाईचा खेळ खेळतां खेळतां तिची सगळी भाजीची बाग तुडवून टाकली. धुतलेले कपडे चिखलांत, भांडीं हरवलेलीं. ती लेकाजवळ येऊन म्हणाली, कीं आतां मला माझ्या गांवीं जाऊं दे. डॉन बॉस्को कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं भिंतीवरच्या क्रूसमूर्तीकडे बोट दाखविलें. मातेचे डोळे भरून आले, आणि ती पुनः कामास लागली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजीं त्या घरींच तिनें देह ठेविला. २००६ सालीं धर्मसभेनें तिला पूज्य ही पदवी दिली.

मुलें कामास लावून डॉन बॉस्को स्वस्थ बसत नसत. त्यांच्या मालकांशीं ते रीतसर करार करूं लागले. १८५१-५२ च्या सुमाराचे असे करार उपलब्ध आहेत. मालकानें मुलाला धंदा नीट शिकवावा. त्याला घरगड्याप्रमाणें राबवूं नये. सणावारीं सुट्टी द्यावी. चुकल्यास शब्दांनीं समजवावें, हात उगारूं नये. ज्या काळीं उमेदवार पोरगा म्हणजे मालकाच्या लाथा खाणारा प्राणी समजला जाई, त्या काळीं हें कागदावर लिहून घेतलेलें आहे. डॉन बॉस्कोंची दया अशी हिशोबी आणि जागरूक होती. पुढें १८५३ सालापासून त्यांनीं आपल्याच घरांत जोडे शिवणें, शिंपीकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाई यांचे कारखाने क्रमाक्रमानें उघडले.

आतां असा प्रश्न येतो, कीं एवढें लाड-कौतुक केल्यानें मुलें बिघडलीं नाहींत काय? याचें उत्तर १८५४ सालच्या उन्हाळ्यानें दिलें. तुरीनमध्यें महामारीची सांथ आली. भीतीनें सख्खे नातलग रोग्यांना टाकून पळत होते. ऑगस्टच्या आरंभीं डॉन बॉस्कोंनीं मुलांपुढें ही गोष्ट मांडली, आणि रोग्यांच्या सेवेस कोण येतो असें विचारलें. प्रथम १४ मुलें पुढें आलीं, मग आणखी ३०. जीं काल रस्त्यावर शिव्या देत हिंडत होतीं, तीं आतां घरोघर जाऊन रोग्यांना उचलीत, पुशीत, पाणी पाजीत. जें जें कापड होतें तें सर्व मार्गारितेनें रोग्यांसाठीं देऊन टाकलें. तें संपल्यावर एक मुलगा पुनः मागावयास आला, तेव्हां तिनें वेदीचें वस्त्रहि दिलें. देवाच्या कृपेनें त्या मुलांपैकीं एकालाहि रोग झाला नाहीं. ज्या मुलांना कोणी आपलें म्हटलें, त्यांना परक्याचें दुःख आपलें वाटूं लागलें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत बारा वर्षांचा डॉमिनिक साव्हिओ वाल्दोक्कोस आला. एकदां दोन सोबत्यांनीं दगडांनीं झुंजण्याचें ठरविलें. डॉमिनिक हातीं क्रूस धरून दोघांच्या मध्यें उभा राहिला. निरपराध प्रभूनें मरतांना क्षमा केली याची त्यांना आठवण देऊन, पहिला दगड मला मारा, असें तो म्हणाला. दोघांच्या हातांतले दगड गळून पडले. हा मुलगा पुरता पंधरा वर्षांचाहि झाला नाहीं. १८५७ च्या मार्चमध्यें तो वारला, आणि १९५४ सालीं धर्मसभेनें त्यास संतपद दिलें. ज्या गुरूनें लहानपणीं सोबत्याची काठी करून मारामारी केली होती, त्याचा शिष्य मारामारी थांबविण्यासाठीं दगडापुढें उभा राहिला. गुरूचें याहून मोठें यश तें कोणतें?

आपली रीत डॉन बॉस्कोंनीं १८७७ सालीं एका लहानशा निबंधांत लिहून काढली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन खांब. अपराध होण्याची वाट पाहत बसून मग शिक्षा करणें ही एक रीत. मुलांच्या संगतींत सतत राहून अपराधाला जागाच न ठेवणें ही दुसरी, आणि ती त्यांची. शिक्षकानें पहारेकऱ्यासारखें दूर उभें न राहतां खेळाच्या मैदानांत मुलांबरोबर असावें. १८८४ सालीं रोमहून लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं आणखी एक मर्माची गोष्ट सांगितली : आपण मुलांवर प्रेम करतों एवढ्यानें भागत नाहीं, आपल्यावर प्रेम केलें जात आहे हें मुलांना कळलें पाहिजे.

येथें आम्हांस एक कबुली दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आमच्या गुरुदीक्षेला फार दिवस झाले नव्हते. धर्मशिक्षणाच्या वर्गांत एक मोठा मुलगा शेजारच्या लहानग्याला चिमटे काढीत होता. आम्हीं त्याला पुढें बोलावून सर्वांसमक्ष दोन थोबाडींत मारल्या, आणि दुर्बळांवर दया करावी या विषयावर लांबलचक उपदेश केला. वर्ग चिडीचूप झाला. आम्हांस वाटलें, धडा चांगला बसला. पुढच्या रविवारीं तो मुलगा आला नाहीं. त्याच्या घरीं गेलों तेव्हां कळलें, कीं आमच्या माराची बातमी ऐकून बापानेंहि त्याला बदडलें होतें. त्या दिवशीं तो आमच्यापासून काय शिकला? मोठ्यानें लहानाला मारावें, हेंच. आम्हीं त्याची क्षमा मागितली, तो परत आला. परंतु आमच्याकडे पाहतांना कित्येक महिने त्याची मान वर होत नसे. ती खालीं गेलेली मान आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

आतां २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत मुलांस मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. हें योग्यच झालें. पण कायदा हात थांबवील. जीभ व मन यांना वळण आपणच लावावयाचें आहे. आईबापांनो, घरांत आजीशीं आपण कोणत्या स्वरांत बोलतों, मोलकरणीच्या हातून बशी फुटली तर काय करतों, दाराशीं आलेल्या गरिबाला कसें वागवितों, तें मूल पाहत असतें. आजाऱ्याकडे पेज नेऊन द्यावयाची असेल तर ती मुलाच्या हातीं द्या, म्हणजे देण्याची गोडी त्याला लागेल. आपलें चुकलें तर मुलापुढें तसें म्हणा, म्हणजे क्षमा मागणें हें कमीपणाचें नाहीं हें त्याला कळेल. शिक्षकांनो, ज्या मुलाचा आपणांस सर्वांत अधिक राग येतो, त्याच्या घरीं त्याची वाट पाहणारें कोणी आहे काय, एवढें आधीं विचारून पाहा. चुकलेल्याला चारचौघांत नव्हे, एकांतांत समजवा. आणि रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं प्रत्येक मुलाच्या कानीं मायेचा एक शब्द पडूं द्या. मार्गारितेला एवढेंच येत होतें, आणि तेवढें पुरलें.

डॉन बॉस्कोंनीं १८५९ सालीं सालेशियन संघ स्थापला. १८७२ सालीं संत मारिया माझ्झारेल्लो यांच्या साहाय्यानें मुलींसाठीं भगिनींचा संघ स्थापला, आणि १८७५ सालीं आपले पहिले धर्मप्रचारक अर्जेंटिनास धाडले. ३१ जानेवारी १८८८ रोजीं पहाटे तुरीन येथें त्यांचें देहावसान झालें. स्वर्गांत मी सर्वांची वाट पाहत आहें, असा निरोप त्यांनीं मरतेवेळीं आपल्या मुलांना पाठविला. बाहेर ज्यांची वाट पाहणारें कोणी नव्हतें, त्यांना त्यांनीं दिलेली ही शेवटची देणगी होय. १ एप्रिल १९३४ रोजीं, ईस्टर सणीं, पोप अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचे पुत्र १९०६ सालीं भारतांत तंजावर येथें प्रथम आले. आपल्या मुंबईंत माटुंग्यास त्यांचें विद्यालय आणि पवित्र मरियेचें देवालय आहे, तें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल.

प्रिय बंधु-भगिनींनो, आजच्या जुबिलीला ज्यांचे हात धरून आपण देवळांत आलों, तीं मुलें पुढच्या जुबिलीला आपल्या मुलांचे हात धरून येतील. त्या वेळीं त्यांना आपला मार आठवावा कीं आपली माया, हें आजच ठरावयाचें आहे. संत जॉन बॉस्को यांच्या विनवणीनें आणि धन्य कुमारी मरियेच्या साहाय्यानें प्रभु येशु आपल्या घरांत व शाळांत ती माया वाढवो, आणि जीं मुलें आज कोणाचींच नाहींत त्यांच्यासाठीं आपलीं दारें उघडीं ठेवो. आमेन.